चांगले आहेत म्हणून तर सहज निघतायत

घरपट्टीचं बिल कोणी नीट वाचतं का हो? मी वाचतो. बायको म्हणते त्यापेक्षा रोजचं राशिभविष्य वाचा, त्यात निदान अधूनमधून धनलाभ तरी असतो. सर्वसाधारण कर ठीक आहे, पण खाली रांगच लागलेली, अग्निशमन कर, मलप्रवाह कर, पथ कर, शिक्षण कर, वृक्ष कर... वृक्ष कर वाचून गॅलरीत जाऊन बघितलं तर समोरचा गुलमोहर रोड वायडनिंगमध्ये कधीच गेलाय, कर मात्र मुळं धरून उभा. आणि थकवलात तर महिन्याला २ टक्के शास्ती! एवढं व्याज माझ्या एफडीने दिलं असतं तर हे मी महाबळेश्वरला बसून लिहिलं असतं.

पगारातला प्रोफेशन टॅक्स वेगळाच. १९७५ चा कायदा, रोजगार हमीसाठी आणलेला, हेतू चांगलाच होता. पण ११ महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे सगळ्यात छोट्या महिन्याला सगळ्यात मोठी कात्री. का, तर राज्यघटनेने वर्षाची कमाल मर्यादा २५०० ठेवलीये आणि २४०० वर थांबणं काही यांच्या जिवावर येतं.

बरं घ्या बाबा, पण मग मार्च येतो. आमच्या गल्लीतले चांगले धडधाकट राखाडी पेव्हर ब्लॉक उखडून लाल-पिवळे बसवायला घेतले. मी खाली जाऊन सुपरवायझरला म्हटलं, अहो हे चांगले आहेत की!

"काका, चांगले आहेत म्हणून तर सहज निघतायत."

"मग काढता कशाला?"

"३१ तारखेच्या आत बिल काढायचंय ना."

खोटं बोलला नाही बिचारा. तरतूद ३१ मार्चपर्यंत खर्च केली नाही की लॅप्स होते, वर पुढच्या वर्षी कमी मिळणार, म्हणजे पैसे वाचवणारा साहेब येडा ठरतो. आमच्या घरी किराण्यातले पाचशे उरले तर डब्यात जातात, ते संपवायला कोणी चांगला सोफा फोडत नाही.

म्हणून मी म्हणतो कर कमी करा. यावर मेहुण्याचं ठरलेलं, मग दवाखाने, शाळा कशातून चालवायच्या? अरे त्या चालवा की, त्याला कोण नाही म्हणतंय, पण हातात मोजके असले की माणूस आधी पाण्याची पाईप बदलतो, कारंजं नंतर. आमच्याकडे चौकात कारंजं आहे आणि सोसायटीत टँकर येतो, टँकरचे पैसे परत आमचेच, वॉचमनचे आमचेच, मुलाच्या शाळेची फी तर विचारूच नका, आणि शिक्षण कर भरलेलाच असतो! मेहुणा यावर चहा मागतो.

असो. ब्लॉक ३० तारखेला बसवून झाले, दिसतात झकास. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात पाणीपुरवठ्याचा माणूस आला आणि त्यावरून चुन्याची सरळ रेघ मारून गेला. त्यांचं बजेट नवीन वर्षाचं आहे म्हणे.