ट्रॅक डेला हलकीच गाडी का? एका नाराज वाचक भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली आणि दोन ओळीत उत्तर देऊन भागणार नाही हे कळलं, म्हणून हे एवढं टाइप करून राहिलो. बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या सर्किटवर नेऊन जोरात चालवायच्या दिवसासाठी, गाडी घेताना आधी वजन बघा, एचपी नंतर, असं मी लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं की हे सगळं इंग्रज लोकांचं कौतुक आहे, मी ज्यांची तारीफ केली त्या लोटस एलिस, माझदा एमएक्स-५, केटरहॅम या परदेशी हलक्या स्पोर्ट्स कार, यातली एक तरी वर्धा रोडवरच्या शोरूमात दाखवा, हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, आणि ज्याच्याकडे पन्नास लाख आहेत त्यानं गपचूप वापरलेली बीएमडब्ल्यू एम३४०आय घ्यावी, बुद्ध सर्किटच्या स्ट्रेटवर, म्हणजे लांब सरळ पट्ट्यावर, सगळे आरशात दिसतील. आणि वरून हे, की नागपुरात ट्रॅकच नाही तर तुम्ही आम्हाले कायले शिकवून राहिले.

शेवटचं पहिले घेतो कारण खरा मुद्दा तिथेच आहे. हाव, नागपुरात सर्किट नाही. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक म्हणजे एनएच ४४ धरून हिंगणघाट, पांढरकवडा, आदिलाबाद करत अकराशे किलोमीटरच्या आसपास, ग्रेटर नोएडाचं बुद्ध उलट्या दिशेला हजारावर, आणि कोइम्बतूरचा कारी तर त्याहून लांब. देशाच्या मधोमध राहायचा हा एक फायदा आहे, सगळं सारखंच दूर. पण म्हणूनच तर वजनाचा विषय पुण्या-बंगलोरवाल्यांपेक्षा आपल्याला जास्त लागू होतो ना. त्यांची गाडी दुसऱ्या सेशनला बसली तर ते घरी जातात आणि पुढच्या महिन्यात परत येतात. आपण सुट्टी टाकून, डिझेल नाहीतर फ्लॅटबेडचे (गाडी वाहून नेणाऱ्या ट्रकचे) पैसे घालून, रात्रभर जागून तिथे पोचतो, आणि दिवसभरात पंधरा-वीस मिनिटांची मोजकी सेशन्स मिळतात. मग माझा हिशोब लॅप टाइमचा, म्हणजे एका फेरीला किती वेळ लागतो त्याचा, नाहीच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गाडी किती लॅप तब्येतीत मारते आणि त्यानंतर आपल्याला घरी आणते का, एवढाच हिशोब.

आता ब्रेकचं बघा. समजा ९५० किलोची हॅचबॅक स्ट्रेटच्या शेवटी १५० ला आहे आणि वळणासाठी ६० वर यायचंय, तर ब्रेकला साधारण ६९० किलोज्यूल ऊर्जा उष्णता करून बाहेर टाकावी लागते. तुमची एम३४०आय पावणेदोन टनांच्या घरातली. तीही १५० लाच असती तर आकडा १२७५ च्या आसपास गेला असता, पण ती १५० ला नसणार ना, पावणेचारशे एचपी आहेत, त्याच स्ट्रेटवर ती १९० ला पोचेल, आणि १९० वरून ६० म्हणजे जवळपास २२०० किलोज्यूल. तिपटीच्या वर. आणि हे दर लॅपला, दर मोठ्या वळणाला. तुम्ही म्हणाल तिचे ब्रेकही मोठे आहेत, आहेतच, डिस्क मोठी, कॅलिपर मोठे, रस्त्यावर अप्रतिम. पण ब्रेकचे पॅड रोजच्या रस्त्यासाठीचेच असतात आणि ब्रेक ऑइल तर गाडीची किंमत बघून उकळत नाही. डॉट ४ या नेहमीच्या ब्रेक ऑइलचा उकळण्याचा किमान बिंदू ताजं असताना २३० डिग्री, आणि ते हवेतला ओलावा ओढत राहतं त्यामुळे जुनं झालं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. उकळलं की पाइपात बुडबुडे, बुडबुडे दाबले जातात, पेडल थेट फ्लोअरला. सिमेंटची पोती लादलेला हातठेला उतारावर आवरून बघा आणि मग रिकामा, हात सांगतील फरक काय असतो ते.

टायरचं गणित तर अजून वाकडं आहे आणि यावर लोक फारसं बोलत नाहीत. टायरवर वजन दुप्पट टाकलं तर पकड दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमीच वाढते. म्हणजे जड गाडीला वळायला जेवढी जास्त पकड लागते तेवढी टायर देत नाही, त्यासाठी रुंद टायर घाला, रुंद टायर म्हणजे महाग टायर, आणि तरी पुढच्या बाहेरच्या टायरचा खांदा एका दिवसात सोलून निघतो. अठरा-एकोणीस इंची चांगल्या टायरच्या एका सेटची किंमत विचारून या आणि तेवढ्यात पंधरा-सोळा इंचीचे किती सेट येतात ते तुम्हीच मोजा, मी मोजून आधीच उदास झालेलो आहे.

म्हणूनच मी एलिसचं उदाहरण दिलं होतं, तुम्ही ते "इंग्रजांचं कौतुक" म्हणून उडवलं. १९९६ ची पहिली एलिस, १.८ लिटरचं रोव्हरचं इंजिन, फक्त ११८ एचपी, पण वजन सव्वासातशे किलोच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियमचे एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेले भाग) गोंदाने चिकटवून बनवलेली चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, चॅसीचं वजन सत्तर किलोच्याही खाली, म्हणजे एका माणसाएवढं. टनाला १६० एचपीच्या थोडं वर पडतात. आता १८०० किलोच्या गाडीला ३०० एचपी द्या, टनामागे आकडा तोच येतो. कागदावर दोघी बहिणी. पण दहाव्या लॅपला एकीचे ब्रेक पहिल्यासारखेच असतात आणि दुसरीचा ड्रायव्हर ब्रेक थंड करायला हळू कूल-डाउन लॅप मारत असतो. केटरहॅमची १७० तर ४४० किलोची आहे, त्यात सुझुकीचं ६६० सीसी टर्बो इंजिन, ८४ एचपी. सुझुकीचं, भाऊ. आपल्याच ओळखीचं घराणं.

स्ट्रेटबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, वाद घालत नाही. बुद्ध पाच किलोमीटरच्या वरचा ट्रॅक, मागची स्ट्रेट एक किलोमीटरहून लांब, तिथे शंभर एचपीची गाडी घेऊन गेलं की माणूस उजवा इंडिकेटर देऊन देऊन थकतो, सगळ्यांना पुढे सोडण्यातच सेशन जातं. तिथे ताकद पाहिजेच. ज्याला दर वेळी बुद्धलाच जायचंय त्याच्यासाठी माझा सल्ला थोडा सैल करा. पण कारी दोन किलोमीटरच्या थोडा वरचा, चेन्नई पावणेचार, तिथे एवढी धावपट्टी नाहीच. आणि खरं सांगू का, जास्त ताकदीच्या गाडीत नवीन माणूस काय करतो, वळणात घोळ घालतो आणि स्ट्रेटवर पाय देऊन भरून काढतो, त्याला घोळ झाला हे कळतच नाही. कमी ताकदीत वळणातून पाच किमीने हळू निघालात तर पूर्ण स्ट्रेटभर त्याची शिक्षा भोगता. शिकायचं असेल तर ही शिक्षा पाहिजे.

मिळत नाही म्हणता, तेही मान्य. एमएक्स-५ माझदानं भारतात कधी अधिकृत विकलीच नाही, आणि तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आयात करायला परवानगी नाही त्यामुळे जुनी एलिस कंटेनरमधून मागवायचं स्वप्नही बंद. नवीन आणायची तर ड्यूटी धरून किंमत दुपटीच्या पलीकडे. मग इथे काय? इथे आपल्याकडे जे आहे तेच, आणि ते वाईट नाही. एस्टीम आठवते का, आठ-नऊशे किलोची साधी सेडान, वर्षानुवर्षं इथल्या रेस आणि रॅली तिच्यावर झाल्या. एलजीबी फॉर्म्युला ४ या भारतातल्या रेस मालिकेच्या गाड्यांत स्विफ्टचं १.३ पेट्रोल इंजिन बसवत आलेत. माझी स्वतःची निवड म्हणाल तर बलेनो आरएस, २०१७ ला आली, बीएस६ हे प्रदूषणाचे नियम आले तेव्हा बंद झाली, एक लिटर टर्बो, १०२ पीएस, ९५० किलो, आणि मुख्य म्हणजे चारही चाकांना डिस्क. फार विकली गेली नाही म्हणून सेकंडहँडला शोधावी लागते, पण सापडली तर कोणी तिच्यासाठी मारामारी करत नाही. नाहीतर २०१८ नंतरची पेट्रोल स्विफ्ट, नऊशेच्या आत-बाहेर. पोलो एक लिटर टीएसआय थोडी जड पण चॅसी सुंदर. त्यात ट्रॅकचे पॅड, ताजं ब्रेक ऑइल, बरे टायर, बस. पन्नास लाखातले चाळीसच्या वर शिल्लक राहतात, त्यात किती वर्षं चेन्नईला जाता येईल बघा.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपली साधी मोटर पॉलिसी काढा आणि बारीक अक्षरं वाचा, ऑर्गनाइज्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल, हे सगळं त्यात वगळलेलं असतं. म्हणजे ट्रॅकवर भिंतीला लागलात तर क्लेम मिळेल असं गृहीत धरू नका, इव्हेंट रेसचा नसला तरी. तीन लाखाची हॅचबॅक ठोकली तर दुःख होतं, पन्नास लाखाची ठोकली तर घरी वहिनींना काय सांगणार. आणि हे डोक्यात असलं की माणूस जोरात चालवतच नाही, अर्ध्या जोरात सेल्फी काढून येतो. असे बरेच पाहिले आहेत.

पत्र्याच्या डब्याचं. यात तुमच्या बोलण्यात दम आहे पण जागा चुकली. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेला जातात, समोरून ट्रक येत नाही, रन-ऑफ (गाडी बाहेर गेली तर थांबायला मोकळी जागा) असतो, झेंडे दाखवणारे मार्शल असतात, आणि भिंतीवर आदळणारी ऊर्जासुद्धा वजनाबरोबरच वाढते. खरी भीती ट्रॅकपर्यंतच्या रस्त्याची आहे. २०१८ ची स्विफ्ट ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टला पाचपैकी दोन स्टार घेऊन आली होती, हे लपवून काय फायदा, रात्री निर्मल ते हैदराबाद पट्ट्यात बिनदिव्याच्या ट्रॉलीमागे असताना ते दोन स्टार आठवतात. म्हणून म्हणतो जमलं तर दोघा-तिघांनी मिळून गाड्या फ्लॅटबेडवर पाठवा आणि स्वतः ट्रेनने जा, नागपूरवरून चेन्नईला गाड्यांची कमी नाही. रोल केज (गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा) टाकू का असं मागे एकानं विचारलं होतं, रोज चालवायच्या गाडीत टाकू नका, गाडीत परस्पर बदल करायला मनाई करणारं मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, शिवाय हेल्मेट नसताना डोकं त्या पाइपवर आपटलं तर केजच जीव घेईल. आणि समृद्धीवर "जरा टेस्ट करून बघतो" असं कोणी लिहिलं तर त्याला मी उत्तर देणार नाही, तिथे १२० ची लिमिट आहे आणि मे महिन्यात त्या काँक्रीटवर टायरांचं काय होतं ते पेपरात येतच असतं.

आणि एवढं वाचूनही एम३४०आयच घेणार असाल, तर घ्या बाप्पा, गाडी म्हणून जबरदस्तच आहे. निघायच्या आधी ब्रेक ऑइल बदला, पॅड किती उरले ते बघा, तीन लॅप जोरात मारले की एक हळू मारा, आणि पिटमधे आल्यावर ब्रेक दाबून उभे राहू नका, तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून राहतात आणि मग नागपूरपर्यंत स्टिअरिंग थरथरतं.