एक स्टार देणाऱ्या दादांना

नमस्कार. आमच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीनं तुमच्या आईंचा रिपोर्ट सगळ्यांसमोर वाचला, समोरच्या बाकावरून स्क्रीन दिसत होता, आणि 'आभा' (सरकारचं डिजिटल आरोग्य खातं) काढल्याशिवाय केसपेपर निघणार नाही असं सांगितलं, हे तुम्ही लिहिलंत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परवा मी स्वतः त्या बाकावर जाऊन बसलो. चष्म्याशिवाय नावं वाचता आली.

स्क्रीन आता भिंतीकडे फिरवलाय. काउंटरच्या लॉगिनला फक्त नाव, वेळ आणि बिल दिसेल. रिपोर्ट केबिनमध्येच उघडेल. त्या मुलीला बोल लावू नका, तिला सगळं उघडं ठेवणारा मीच. 'आभा'चा 14 अंकी नंबर ऐच्छिक आहे, त्यावाचून तुम्हाला अडवायला नको होतं. माफ करा. (काढलात तरी संमतीशिवाय इथली फाइल दुसऱ्या दवाखान्याला दिसत नाही, आणि दिलेली संमती मागेही घेता येते.)

कॉम्प्युटरपेक्षा 'कागदच बरा होता' हे तुमचं म्हणणं मात्र पटत नाही. 2019 च्या पुरात सांगलीतल्या आमच्या खालच्या दोन रॅकमधल्या केसपेपरांचा लगदा झाला. पुढे कित्येक महिने कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे त्यांनाच विचारत होतो, आणि उत्तर यायचं, "ती पांढरी गोळी हो, डॉक्टर." आता फाइल उघडताच ॲलर्जी लाल अक्षरांत वर दिसते. आणि गुप्तता म्हणाल, तर जुने केसपेपर काउंटरवर गठ्ठ्यानं उघडेच पडलेले असायचे. तेव्हा कुणी तक्रार केली नाही इतकंच.

कॉम्प्युटरवरच्या नोंदींबद्दलची तुमची भीती पोकळ नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि तिथलं काम बरेच दिवस हातानं लिहून चाललं. आम्ही रोज रात्री वेगळ्या डिस्कवर बॅकअप घेतो आणि ती काढून माळ्यावर ठेवतो. माळ्यावर का, हे सांगलीकरांना सांगायला नको.

सगळं लगेच पुसा, असंही तुम्ही म्हणता. ॲडमिट झालेल्या पेशंटच्या नोंदी 3 वर्षं ठेवणं आम्हाला बंधनकारक आहे. आईंना काय झालं होतं, काय उपचार झाले, याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही. फाइलची प्रत 72 तासांच्या आत मिळेल, पण आईंना सोबत आणा किंवा त्यांचं सहीचं पत्र आणा. तुम्ही मुलगा असलात तरी.