काका, निक्केईचं तुमचं बरोबर, घराचं नाही

काका, (सही करताना ‘७४ वर्षांचा निवृत्त बँकवाला’ असं लिहिलंत म्हणून काका म्हणतोय, चालवून घ्या.)

जपानच्या म्हातारपणावर मी लिहिलं त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. लोकसंख्या घटत असतानाच निक्केईने, म्हणजे जपानच्या शेअरबाजाराच्या निर्देशांकाने, २०२४ मध्ये जुना उच्चांक मोडला, तेव्हा माझा सिद्धांत फुसका. जन्मभर ‘हम दो, हमारे दो’ ऐकवलं आणि आता मुलं कमी झाली म्हणून घाबरवायचं, हा दुटप्पीपणा. आणि डोंबिवलीतला दुसरा फ्लॅट हीच तुमची पेन्शन, तिच्यावर मी उगाच शंका घेतली.

पहिल्या मुद्द्यावर हरलो. ‘माणसं घटली की बाजार घटतो’ हे वाक्य मी लिहायलाच नको होतं, कारण तारखाच त्याच्या विरोधात साक्ष देतात. निक्केई ३८,९१५ वर पोचला तो २९ डिसेंबर १९८९ ला. तिथून तो कोसळला तेव्हा जपानमध्ये कामाच्या वयाची माणसं अजून वाढत होती. ती उतरणीला लागली १९९५ नंतर, आणि एकूण लोकसंख्या २००८ च्या सुमाराला. म्हणजे माणसं वाढताना बाजार पडला आणि घटताना चढला! पडला तो जमिनीचा आणि शेअरचा फुगा फुटला म्हणून. चढण्यामागे स्वस्त झालेला येन होता, भागधारकांची थोडीफार कदर करायला लागलेल्या कंपन्या होत्या आणि परदेशातली विक्री होती. टोयोटाच्या बहुतेक गाड्या जपानबाहेर खपतात. ओसाकात यंदा किती बाळं जन्मली यावर तिचं फारसं अडत नाही. फक्त एक सांगा, १९८९ मध्ये ७४ वर्षांचा असलेला गुंतवणूकदार तो उच्चांक मोडायची, म्हणजे २२ फेब्रुवारी २०२४ ची, वाट बघत थांबला असता का?

कंपनी गिऱ्हाईक शोधत परदेशी जाते. घराला जाता येत नाही. माझं खरं म्हणणं एवढंच होतं आणि तेच मी शेअरबाजाराच्या नादात घालवलं.

जपानच्या २०२३ च्या गृह-पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे जवळजवळ दर सातातलं एक. त्यांना ‘अकिया’ म्हणतात. त्यातली काही भाड्याची वाट बघणारी आहेत, पण बरीचशी अशी की आईवडील गेले, मुलं तोक्योत, आणि घर कुणालाच नको. मग पाडत का नाहीत? कारण तिथे कराचा एक गमतीशीर नियम आहे. जमिनीवर राहतं घर उभं असेल तर लहान भूखंडाच्या करासाठी जमिनीचं मूल्य एक षष्ठांशच धरतात. घर पाडलं की सवलत गेली. म्हणून पडकं का होईना, घर उभं ठेवायचं! २०१५ पासून धोकादायक रिकाम्या घरांची ही सवलत काढून घेता येते. वारसनोंदही कित्येक जण करत नव्हते. मालकाचा पत्ताच लागत नाही अशी जमीन २०१६ मध्ये क्यूशू बेटाहून मोठी असल्याचा अंदाज निघाला, आणि शेवटी १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद सक्तीची करावी लागली.

हे वाचताना मला आमचं कोकणातलं घर दिसतं. सातबाऱ्यावर एकवीस नावं, त्यातली सहा माणसं हयात नाहीत, दोघं अमेरिकेत. गणपतीत पाच दिवस कुलूप निघतं. कागदावर किंमत भरपूर आहे, पण सगळ्यांच्या सह्या घेऊन दाखवा.

दुटप्पीपणाचा आरोप मात्र मान्य नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि पुढे त्या कामापायी प्राध्यापकी गमावली. त्यांचं बरोबरच होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) एका बाईमागे मुलांचं प्रमाण महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात १.३ आलं, लोकसंख्या टिकायला २.१ लागतं. यात रडण्यासारखं काही नाही. पण दोघांच्या म्हातारपणाला चार मुलं धरून केलेला हिशेब एका मुलीवर चालणार नाही, हे बोलायला काय हरकत आहे?

व्याजाचं तुम्हीच जास्त जाणता. पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होते, एप्रिल २०२० पासून ७.१ आहेत. समाज म्हातारा झाला की पुढे काय, यावर जाणकारांचंच जमत नाही. जपानकडे बघून व्याजदर तळाला जातात म्हणावं, तर चार्ल्स गुडहार्ट आणि मनोज प्रधान हे अर्थतज्ज्ञ म्हणतात की राबणारे हात कमी झाल्यावर मजुरी, महागाई आणि व्याज तिन्ही चढतील. मी दोन्हींवर पैज लावणार नाही.

हातांवरून आठवलं. ‘म्हाताऱ्यांच्या सेवेतल्या कंपन्या घ्या, सोनं होईल’ असा सल्ला तुम्ही जाता जाता दिलात. जपानमध्ये २००० पासून शुश्रूषा विमा आहे, चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. गिऱ्हाईक वाढतंय यात शंका नाही. पण सेवेचे दर सरकार ठरवतं, दर तीन वर्षांनी, आणि कामाला माणसं मिळत नाहीत. मागणी भरपूर, नफा बेताचा. आपल्याकडे दर कुणीच ठरवत नाही. आईसाठी ब्युरोची चोवीस तासांची बाई ठेवली, तिचा दर तीन वर्षांत तीनदा वाढला, एफडीचं व्याज एकदाही नाही. आणि जी मावशी टिकली ती पैशापेक्षा स्वभावाने टिकली.

आता डोंबिवली. मुंबई-ठाण्याकडे माणसं येतच राहतील, हे कबूल. तोक्योतही येतात, मध्य तोक्योतल्या घरांचे भाव चढेच आहेत. पण त्याच तोक्योच्या पश्चिमेला तामा न्यू टाउन आहे. १९७१ पासून तरुण कुटुंबं तिथे राहायला गेली, पाच मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतींत. मुलं मोठी होऊन निघून गेली, आईबाप वरच्या मजल्यांवर म्हातारे झाले. नव्या जोडप्यांना स्टेशनजवळचं नवं घर हवं असतं, चौथ्या मजल्यावरचं पन्नास वर्षांचं नव्हे.

तुमचा फ्लॅट १९९४ चा, तिसऱ्या मजल्यावरचा, हे तुम्ही लिहिलंत. लिफ्ट आहे का, आणि पुनर्विकासाला सोसायटीतले किती सभासद राजी आहेत, ते लिहिलं नाहीत. तेवढं कळवा, मग विकायचा की ठेवायचा यावर भांडू.