रजिस्टरात महिनाभर 4 अंश?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 ला टेकतो, लाईट सारखी जाते-येते, आणि तरी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लसींच्या फ्रीजचं तापमान महिनाभर सकाळ-संध्याकाळ 4, 4, 4. शेजारच्या रजिस्टरात सगळ्या गरोदर बायांचं बीपी ओळीने 120/80. अशी सुरेख वही दिसली की सिस्टरवर तुटून पडण्याआधी तिथल्या साहेबांची (किंवा मॅडमची) बोलायची तऱ्हा बघा.

आयएलआर, म्हणजे हाच लसींचा फ्रीज, 2 ते 8 अंशांत हवा. काटा शून्याखाली गेला तर पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी गोठून निकामी होतात. बाटलीवरचा व्हीव्हीएम (लस खराब झाली का ते दाखवणारी खूण) फक्त उष्णतेने रंग बदलतो, लस गोठली होती हे तो सांगत नाही. शंका आली तर बाटली हलवून बघायची शेक टेस्ट आहे, पण शंका यायला "आज उणे 1 होतं" असं कुणीतरी लिहायला हवं ना? मागच्या वेळी ज्याने खरं लिहिलं त्याला ब्लॉक मिटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं केलं असेल, तर पुढचा माणूस 4 च लिहिणार. त्याला आळशी म्हणू नका, तो शिकलाय.

पेशंटची वापरलेली सुई सिस्टरच्या हाताला टोचल्यावरही हेच. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, लगेच कळवायचं. एचआयव्हीची लागण टाळायचं औषध, पीईपी, शक्यतो 2 तासांत सुरू व्हावं, 72 तासांनंतर त्याचा उपयोग नाही. पण इनचार्जचा पहिला प्रश्न "लक्ष कुठं होतं?" हा असेल, तर मुलगी ड्युटी संपेपर्यंत गप्प बसते. 2 तास तिथेच गेले.

"थोडं ओरडल्याने काय होतं, उलट काम होतं," असं म्हणणारे खूप. इस्रायलमध्ये नवजात अतिदक्षता विभागाच्या 24 टीमवर प्रयोग झाला, 2015 साली प्रसिद्ध झाला. सरावातल्या काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञाने मधेच टोचून बोलायचं, बाकीच्यांशी साधं बोलायचं. शिवीगाळ नव्हे, नुसता टोमणा. टोमणे खाल्लेल्या टीमचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. एकमेकांना माहिती सांगणं, मदत मागणं कमी झालं, हे त्यामागचं एक कारण. आपल्याकडे राउंडला काय काय बोललं जातं, ते वेगळं सांगायला नको.

आणि हा राग खाली झिरपतो. साहेब सिस्टरवर, सिस्टर मावशीवर, मावशी धडगावहून आलेल्या पावरी बोलणाऱ्या बाळंतिणीवर. ती पुढच्या खेपेला घरीच बाळंत होते. मग "संस्थात्मक प्रसूती का घटल्या?" म्हणून आशाताईंचं नाव व्हॉट्सअॅप ग्रुपवर लाल अक्षरात झळकतं. ताई काय करणार? "जाऊ द्या, नौकरी शे."

कडक असणं वेगळं. कडक माणूस सगळ्यांना एकच नियम लावतो, चूक झाली तर आधी "पेशंट कसा आहे?" विचारतो, मग "झालं कसं?", आणि "कोणी केलं?" सगळ्यात शेवटी. घातक साहेब नेमका उलट्या टोकाकडून सुरू करतो.

करायचं काय? हँडओव्हरला शेवटची 5 मिनिटं राखून ठेवा आणि रोज विचारा, काल काय चुकता चुकता राहिलं? पहिला आठवडाभर कुणी बोलणार नाही. तेव्हा साहेबांनी स्वतःची चूक सांगायची. खरं आणि लगेच कळवणाऱ्याला त्याच गोष्टीवरून मेमो द्यायचा नाही. एकदा दिला की सहा महिन्यांची मेहनत पाण्यात. रागवायचं तर दार लावून, पेशंटच्या नातेवाइकांसमोर नाही. ग्रुपवर आकडे टाका, नावं नकोत.

नाइट ड्युटी शिक्षा म्हणून लावायचा प्रकार तर बंदच करा. महिन्याचा चार्ट 25 तारखेपर्यंत भिंतीवर लावा, प्रत्येकीच्या नावापुढे नाइट किती ते मोजून लिहा. कुणाच्या 4 आणि कुणाच्या 11, हे मावशीलाही वाचता येईल.