‘सेटिंगचे ५०० रुपये पाण्यात’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

साहेब, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आज सकाळी कामावरच्या पोराला समोर बसवून परत वाचला. तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की गाडी आठ महिन्यांची, टॉप मॉडेल, एलईडी हेडलाइट, तरी सोलापूर-बार्शी रोडला रात्री पुढचं दिसत नाही. शोरूमवाले ‘गाडी ओके आहे’ म्हणाले. आमच्याकडं ५०० रुपये देऊन सेटिंग केलं तर दिसायला तेवढंच, उलट समोरचे डिपर मारायला लागले. जास्त पॉवरचे एलईडी टाका म्हटलं तर आम्ही नाही म्हणालो. यापेक्षा जुन्या गाडीचा पिवळा बल्ब बरा होता.

आधी आमची चूक सांगतो. त्या दिवशी मी लग्नाला गेलो होतो. पोरानं दुपारच्या उन्हात, शटर अर्धं ओढून, जेमतेम तीन मीटरवरून अंदाजानं स्क्रू फिरवले. तुमच्या गाडीत स्टेअरिंगच्या उजव्या हाताला खाली ० ते ३ आकड्यांचा छोटा डायल आहे. ० ला लाइट सगळ्यात वर, ३ ला सगळ्यात खाली. मागं माणसं बसली, डिकी भरली की गाडीचं नाक वर उचलतं आणि लाइटही वर जातो. तो खाली आणायला हा डायल. तो ० वर आणल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. पोराला आज विचारलं, डायल कितीवर होता? त्याला सांगता आलं नाही. म्हणजे त्यानं बघितलाच नाही.

तुम्ही टाकलेला कंपाउंडच्या भिंतीचा फोटो मी मोठा करून पाहिला. डिपरच्या, म्हणजे खाली पडणाऱ्या जवळच्या लाइटच्या, उजेडाला वरच्या बाजूनं एक सरळ रेष असते, तिच्यावर अंधार. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून ती रेष डावीकडं थोडी वर चढलेली असते. कडेचा पायी माणूस, सायकलवाला दिसावा यासाठी. तुमच्या फोटोत उजव्या दिव्याची सगळी रेषच डाव्या दिव्यापेक्षा वीतभर वर आहे, आणि डावा खाली पडलेला आहे. उजवा समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि तुम्हाला जी बाजू दिसायला पाहिजे तिथं उजेडच पोचत नाही. त्रास दोघांनाही. तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं कारण एकच आहे.

आमच्याकडं यायच्या आधीही तुम्हाला दिसत नव्हतं, त्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो. नवी गाडी घेतलेल्या पुष्कळ लोकांची हीच तक्रार असते, आणि ‘एलईडीच बेकार’ म्हणून ते नको ते करून बसतात.

समजा हेडलाइट जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. डिपरची रेष १० मीटरला १० सेंटिमीटर खाली येत असेल तर उजेड रस्त्यावर ७० मीटरपर्यंत जातो. तीच रेष १० मीटरला २० सेंटिमीटर खाली आली की उजेड ३५ मीटरला संपतो. दिवा तोच, फरक फक्त १० सेंटिमीटरचा! आणि ताशी ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. म्हणजे ३५ मीटर दीड सेकंदात संपले. तेवढ्यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच वेळ जातो, गाडी थांबणं लांबच. आता गाळपाचा हंगाम आहे. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रेडियम, वरून बाहेर लोंबणारा ऊस. तो ३५ मीटरवर दिसून काही उपयोग नाही. म्हणूनच तुमची तक्रार मला छोटी वाटत नाही.

जुन्या हॅलोजनचा, म्हणजे त्या पिवळ्या बल्बचा, उजेड बरा वाटायचा त्यालाही कारण आहे. एच४ बल्बचा डिपर ५५ वॅटचा, उजेड साधारण १,००० लुमेन. पण जुन्या रिफ्लेक्टरमधून थोडा उजेड वरही सांडायचा, त्यात झाडं, पाट्या, लांबचं वळण पुसट का होईना कळायचं. नव्या एलईडी प्रोजेक्टरची, म्हणजे पुढं भिंग असलेल्या दिव्याची, रेष सुरीनं कापल्यासारखी. खाली लख्ख, वर मिट्ट काळोख. शिवाय बॉनेटपुढचे पहिले १५-२० मीटर इतके उजळतात की बाहुली आकसते आणि लांबचं आणखीच अंधारं दिसतं. पावसात तर ओलं डांबर आरशासारखं होतं. उजेड पुढं घसरून निघून जातो, आपल्याकडं परत येत नाही. त्यामुळं एलईडी असूनही लाइट चालू आहे की नाही अशी शंका येते. हे सगळं सेटिंगनं जाणार नाही, ते मी आत्ताच सांगून ठेवतो. पण हरवलेले ३०-३५ मीटर परत मिळतात, आणि तेवढ्यानं रात्रीचं चालवणं बदलतं.

जास्त पॉवरच्या एलईडीबद्दल. तुमच्या गाडीत बदलायला बल्बच नाही. एलईडी आतल्या पट्टीवर पक्के, मागं उष्णता खेचणारी धातूची जाळी, आणि सगळा दिवा सीलबंद. पॉवर वाढवायची तर काच गरम करून दिवा उघडावा लागतो. मग पहिल्याच पावसात आत पाणी, वर वॉरंटी गेली. जुन्या हॅलोजन दिव्यातही मी हल्ली एलईडी बल्ब बसवत नाही. तो रिफ्लेक्टर बारीक तारेसाठी बनवलेला असतो, ती तार नेमकी ज्या जागी असते तिथूनच उजेड बरोबर फेकला जातो. तिथं चपट्या चिप आल्या की उजेड दिसतो भरपूर, पण जातो भलतीकडं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येही समोरच्याचे डोळे दिपतील असा दिवा चालत नाही.

पण मी नियमासाठी थांबलो नाही, हे खरं सांगितलं पाहिजे. हे बल्ब मी स्वतः विकलेत, बसवलेत. चार वर्षांपूर्वी मंद्रूपकडच्या आतल्या रस्त्यानं रात्री दुचाकीवर येत होतो, मागं मुलगी. समोरून एक गाडी आली, पांढराशुभ्र लाइट, आणि पुढचे दोन-तीन सेकंद मला रस्त्याची कडच दिसली नाही. साइडपट्टीच्या खडीवर घसरलो. मला खरचटलं, तिचं मनगट मोडलं. ती गाडी कुणाची होती ते कळलं नाही. पण त्याच महिन्यात तसे बल्ब मी कितीतरी गाड्यांना लावले होते. दुसऱ्या दिवशी उरलेला माल कपाटातून काढला तो परत ठेवला नाही. यात गिऱ्हाईक तुटतं, मला माहीत आहे. तुम्ही पहिले नाही आणि शेवटचेही नसाल.

शोरूमबद्दल एक सांगायचं राहिलं. दोन्ही दिव्यांत मुळातच एवढा फरक असेल, स्क्रू फिरवून दिवा हलत नसेल किंवा काचेआड पाणी धरत असेल, तर तो वॉरंटीतला दोष आहे. भिंतीवरचा फोटो आणि मोजमाप मी लिहून देतो, ते घेऊन परत जा. ‘ओके आहे’ एवढ्यावर परत फिरू नका, कशानं मोजलं ते विचारा. त्यात माझा एक रुपया नाही.

आणि काच. फोटोत तुमच्या हेडलाइटवर पांढरट ठिपके दिसतात, ते बोअरच्या पाण्याचे क्षार आहेत. सोलापुरात गाडी धुऊन उन्हात तशीच सोडली की हे होणारच. हॅलोजनसारखी एलईडीची काच पुढून तापत नाही, त्यामुळं आतला दमटपणाही सावकाश जातो. धुतल्यावर लगेच मऊ ओल्या फडक्यानं पुसून कोरडी करा. टूथपेस्ट मात्र लावू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. वरचा संरक्षक थर घासला जातो आणि वर्ष-दोन वर्षांत काच पिवळी पडते.

तुमचे ५०० रुपये आज दुपारी ज्या नंबरवरून आले होते त्यावर परत पाठवलेत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तो बरोबर आहे.

रविवार सोडून कुठल्याही दिवशी संध्याकाळी सातनंतर या. दुकानामागच्या मोकळ्या जागेत सपाट फरशी आहे, समोर १० मीटरवर पांढरी भिंत. टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणं भरू, डायल ० वर घेऊ, दिव्याची उंची मोजून भिंतीवर चिकटपट्टी मारू, आणि गाडीच्या दिव्याजवळ किंवा पुस्तकात कंपनीनं रेषेच्या उताराचा जो टक्का छापलाय (१ टक्का म्हणजे १० मीटरला १० सेंटिमीटर खाली) त्यावर दोन्ही दिवे वेगवेगळे आणू. मग घरचे मागं बसवून डायल कितीवर ठेवायचा ते तुम्हीच भिंतीवर बघा. तिथून वैरागच्या दिशेनं पाच-सात किलोमीटर माझ्यासोबत चालवून बघू. त्या दिवशी स्क्रू माझ्या हातात असेल आणि पोरगा शेजारी उभा राहून शिकेल.

तोपर्यंत रात्री निघालात तर उजवा दिवा खाली यावा म्हणून डायल एक आकडा वाढवा (० वर असेल तर १ वर), वेग ६० च्या आत ठेवा, आणि समोर कुणी नसेल तेव्हा अपर (लांबचा लाइट) वापरा. फक्त डायल हलवायच्या आधी तो आत्ता कितीवर आहे ते लिहून ठेवा आणि येताना सांगा, मला ते बघायचंय.