‘नुसता रबर बदलला आणि 2,900 घेतले’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमच्या एअरसॉफ्ट गनचं (प्लॅस्टिकच्या छोट्या गोळ्या मारणारी खेळायची बंदूक) काम ठरल्यापेक्षा उशिरा मिळालं, मधले तुमचे फोन उचलले गेले नाहीत, त्याबद्दल मनापासून सॉरी. गणपतीत लालबागला दुकान उघडं असून नसल्यासारखंच असतं, पण तुमचा खोळंबा झाला हे खरं. एक तारा त्या उशिरासाठी दिला असतात, तर मी हे लिहायला बसलोही नसतो.

पण तुम्ही लिहिलंय : ‘स्प्रिंग बदलली नाही, नुसता एक रबर टाकला, 2,900 घेतले. रेंज वाढायची सोडून कमी झाली. एक गोळी आकाशात, दुसरी पायाशी. यांना काम येत नाही.’ सर, हे शेवटचं वाक्य फार लागलं. माझे वडील याच गाळ्यात शिलाई मशिनी दुरुस्त करायचे. मी रिमोटच्या गाड्या आणि एअरसॉफ्ट गनची कामं करतो. आमच्याकडे जाहिरात नाही, जे येतात ते एकमेकांना विचारून आणि इथले तारे बघून येतात. तुमचा रिव्ह्यू पडल्यावर एकाने दिलेलं काम परत मागितलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

आधी स्प्रिंग. तुम्ही मोबाइलवर एम 120 स्प्रिंगचा फोटो दाखवून ‘हीच टाका’ म्हणालात आणि मी तोंडावर नाही म्हटलं. तुमची गन सुरुवातीच्या किमतीतली, इलेक्ट्रिक. आतला पिस्टन प्लॅस्टिकचा, त्याचे दातही प्लॅस्टिकचे. एम 120 म्हणजे 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण 120 मीटर, जवळजवळ दीड जूल ऊर्जा. तुमच्या गिअरबॉक्सला तो धक्का झेपत नाही. पिस्टनचे दात सोलून निघतात नाहीतर गिअरबॉक्सचा शेल पुढून तडकतो. शिवाय बऱ्याच मैदानांवर आत सोडण्याआधी वेग मोजतात, जास्त निघाला तर बाहेर बसवतात. गिऱ्हाईक मागतंय म्हणून स्प्रिंग टाकली असती तर मजुरी आणखी मिळाली असती, आणि गन फुटल्यावर परत माझ्याकडेच आली असती. तसला धंदा मला जमत नाही.

आता तो ‘नुसता रबर’. एअरसॉफ्टमध्ये रेंज हॉप-अपवर असते. बॅरलच्या मागच्या टोकाला, गोळी आत शिरते तिथे, रबराची नळी असते, तिच्यातला उंचवटा गोळीला वरून घासतो आणि गोळी उलटी फिरत बाहेर पडते. लेगस्पिनरचा टॉपस्पिन पटकन खाली येतो ना, इथे फिरकी बरोबर उलटी, म्हणून गोळी हवेत तरंगत लांब जाते. शास्त्रात याला मॅग्नस इफेक्ट म्हणतात. तुमच्या गनमधला कंपनीचा रबर कडक झाला होता आणि एका बाजूने कापला गेला होता, म्हणून 30 मीटरपुढे गोळ्या डावीकडे पळत होत्या. ही तक्रार घेऊन तुम्हीच आला होतात.

बिल तुमच्याकडे आहेच, तरी वाचणाऱ्यांसाठी सांगतो. रबर आणि त्याच्यावरचा नब (रबर खाली दाबणारा छोटा तुकडा) 900, पिस्टन हेडची ओ-रिंग (हवा गळू न देणारी रबरी कडी) 150, मजुरी 1,200, आणि 0.25 ग्रॅमच्या गोळ्यांची पिशवी 650. मजुरीत अख्खा गिअरबॉक्स उघडून हवा कुठे गळते ते बघणं आलं, नोझल बसवणं आलं, बॅरल आतून साफ करणं आलं. तुम्हाला 6.01 मिलिमीटरची, आतून अरुंद अशी टाइट बॅरलही हवी होती. तीही मी विकली नाही, कारण आधी हवेची गळती थांबवल्याशिवाय तिचा उपयोग नाही आणि हलक्या प्रतीच्या गोळ्या त्यात अडकतात. विकली असती तर बिल किती झालं असतं याचा तुम्हीच विचार करा.

गन देताना तुमच्यासमोर क्रोनो, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, लावला होता. काम करण्याआधी 0.20 ची गोळी कधी 270, कधी 310 एफपीएस (सेकंदाला इतके फूट) दाखवत होती. नंतर 308 ते 314 मध्ये आली. आकडा फारसा वाढला नाही म्हणून तुमचं तोंड उतरलं, ते मी पाहिलं होतं. पण प्रत्येक गोळी सारख्या वेगाने सुटायला लागली, लांबचा नेम त्यानेच लागतो. रेंज मात्र मी दाखवू शकलो नाही. लालबागच्या गल्लीत मी 50 मीटर कुठून आणू, सर?

मुद्दा आहे तो तुम्ही रात्री पाठवलेल्या व्हिडिओचा. मी तो मोठा करून पाहिला. कठड्यावर गोळ्यांची पिशवी आहे, ती मी दिलेली नाही. खेळण्यांच्या दुकानात मिळतात त्या 0.12 च्या गोळ्या आहेत, पिशवीवरचा आकडा स्वच्छ वाचता येतो. तुमची 0.25 ची पिशवी कुठेच दिसत नाही.

हॉप-अप मी 0.25 साठी लावून दिला होता. त्याच गनमधून 0.25 ची गोळी 280 एफपीएसच्या आसपास सुटते, 0.12 ची 400 च्या पुढे जाते. वजन निम्म्यावर, फिरकी तेवढीच, मग ती आकाशात नाही जाणार तर कुठे जाणार? आणि एवढी हलकी गोळी सुरुवातीला कितीही जोरात सुटली तरी हवा तिचा वेग लगेच खाऊन टाकते. जड गोळी सावकाश निघते, पण वेग टिकवते. हे मी काउंटरवर सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही फोनवर बोलत होतात, तेही असो.

त्याच कठड्यावर सिलिकॉन स्प्रेचा डबाही दिसतोय. तो बॅरलमध्ये मारलात का? कुठल्या तरी व्हिडिओत सांगतात तसं बरेच जण मारतात. हॉपच्या रबराला तेल लागलं की त्याची पकड जाते, गोळीला फिरकीच मिळत नाही आणि ती पायाशी पडते. एक आकाशात, एक पायाशी, याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही. ‘काम येत नाही’ लिहिण्याआधी एकदा विचारलं असतंत तर फोनवरच सांगितलं असतं. (हो, फोन उचलला नव्हता. पण व्हॉट्सअ‍ॅप तर होतं.)

आणखी एक, रिव्ह्यूशी संबंध नसलेलं. सोसायटीच्या गच्चीवर गन चालवू नका. व्हिडिओत तुमच्या डोळ्यांवर गॉगलही नाही. मुंबईत गच्चीवर कुणाच्या हातात रायफलसारखं काही दिसलं की समोरच्या इमारतीतून पोलिसांना फोन जायला वेळ लागत नाही, आणि ते खेळणं आहे हे तिथे समजावत बसावं लागतं. लोकलमध्येही केसमधून बाहेर काढू नका.

पैसे परत मागितलेत, ते मला बरोबर वाटत नाही. पण गन आणा. रबर काढून धुऊन, पुसून, परत बसवून देईन, त्याचे पैसे नाही घेणार. मग कर्जतला किंवा जिथे खेळता तिथे 0.25 भरा, हॉप पूर्ण उतरवा आणि थोडा थोडा चढवत न्या. गोळी सरळ जाऊन अगदी शेवटी किंचित उचलली की थांबा. 45 मीटरला माणसाएवढ्या टार्गेटला लागायला हरकत नाही.

यापुढे कोणती गोळी वापरायची ते बिलावर छापून देणार आहोत. फोनसाठीही काहीतरी सोय करतोय, भाच्याला सांगितलंय.

संध्याकाळी सहानंतर या, दुपारी मी जेवायला जातो. मंगळवारी दुकान बंद असतं. रिव्ह्यू बदला असं म्हणत नाही, ते तुमच्या मनावर आहे. पण वापरलेल्या गोळ्यांचं वजन तेवढं त्यात लिहा.

– दुकानमालक, लालबाग