मागा, पण भीक मागू नका

मागायचं तुम्हालाही आहेच. कोणाला मत हवंय, कोणाला मंडळाची वर्गणी, कोणाला दिवाळसणाला सासऱ्याकडून दुचाकी, कोणाला व्हिडिओखाली एक अंगठा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त शब्द जपून निवडा. मराठीत मागण्याला इतके शब्द आहेत की त्यांतला नेमका 'भीक' हा शब्द उचलणारा माणूस एकतर खरोखर उपाशी असतो, नाहीतर मंत्री असतो. तुम्ही या दोन्हींत मोडत नसाल, तर पुढचं नीट वाचा.

पहिला नियम: 'क्ष' सांभाळा. संस्कृतातली भिक्षा प्राकृतात भिक्खा झाली, मराठीत येता येता भीक झाली आणि वाटेत जे जोडाक्षर गळालं त्याच्याबरोबर पतही गळाली. भिक्षुकाला पाटावर बसवतात, हातावर दक्षिणा ठेवतात आणि वर वाकून नमस्कार करतात. भिकाऱ्याला दारातसुद्धा उभं करत नाहीत. भिक्षू ध्यान करतो, भिकारी नुसता बसून असतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसत नाही, तो फरक अक्षरात आहे. या घराण्यातला एक शब्द तर थेट राज्यकारभारापर्यंत गेला: भिक्षुकशाही. प्रबोधनकार ठाकऱ्यांना तिच्यावर अख्खं पुस्तक लिहावं लागलं. भिकारशाहीवर अजून कोणी पुस्तक लिहिलेलं ऐकलं नाही.

सरकारलाही हे गुपित माहीत आहे. पोलीस रस्त्यावरून उचलतात तो भिकारी. कागदावर चढतो तो भिक्षेकरी. त्याला ठेवतात त्या जागेचं नाव भिक्षेकरी गृह, मुंबईत ते चेंबूरला आहे. आत जाण्यापूर्वी एक 'क्ष' फुकट मिळतो. सरकारकडून न मागता मिळालेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

आता मूळ धातूकडे या, पण आवाज जरा लहान ठेवा. कोशकार 'भिक्ष्' चं मूळ 'भज्' या धातूत दाखवतात. भज् म्हणजे वाटणं, वाटून घेणं. आणि भिक्ष् म्हणजे वाटा मिळावा अशी इच्छा धरणं. भाग, विभाग, भक्त, भगवान ही सगळी त्याच धातूची लेकरं. म्हणजे भगवान आणि भिकारी हे एकाच कुळातले भाऊबंद ठरतात. एक गाभाऱ्यात, दुसरा पायरीवर. वाटणी कशी झाली ते दिसतंच आहे. ही व्युत्पत्ती सिग्नलवर कोणाला सांगू नका. भीक मागणाऱ्याला दोन रुपयांवर वाटेला लावता येतं. तो वाटा मागायला लागला तर सातबारा काढावा लागेल.

एका माणसाने तो काढायला लावला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत विनोबांना शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदान सुरू झालं. पुढे ते गावोगाव सांगत फिरले की तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि सहावा हिस्सा द्या. मुलगा म्हटल्यावर त्याला पुढे जा असं म्हणता येत नाही. एरवी 'पुढे जा' म्हणणाऱ्यांनी लाखो एकर लिहून दिले, त्यांतले काही खडकाळ होते हा भाग वेगळा. मागण्याची ही पद्धत उत्तम आहे, पण तिला एक अट आहे: स्वतःसाठी काही ठेवायचं नाही. ते जमत नसेल तर विनोबांचा नाद सोडा आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळा.

शास्त्रात मागण्याच्या वाक्याचीसुद्धा शिस्त आहे. मनुस्मृतीनुसार मुंज झालेल्या ब्राह्मण बटूने 'भवति भिक्षां देहि' म्हणायचं, क्षत्रियाने 'भवति' मध्ये घालायचं, वैश्याने शेवटी. शब्द तेच तीन. कोण मागतोय ते क्रमावरून कळावं, म्हणजे देणाऱ्या बाईला पळी केवढी भरायची याचा अंदाज येतो. चौथ्याला वाक्यच दिलेलं नाही. शिवाय पहिली भिक्षा आई, बहीण किंवा मावशीकडे मागावी, जी अपमान करणार नाही, असंही तिथेच म्हटलंय. स्टार्टअप काढणाऱ्यांनी मनुस्मृती वाचली असेल असं वाटत नाही, पण पहिल्या फेरीचं भांडवल ते बरोबर तिथूनच उचलतात. फक्त त्यांच्या भिक्षावळीत लाडवाऐवजी सादरीकरण असतं आणि मावशीला परताव्याचा आलेख दाखवतात.

संतांचा आधार घ्यायचा असेल तर संत प्रसंग पाहून निवडा. मागायला निघालात तर समर्थ रामदास बरोबर घ्या. दासबोधात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे आणि भिक्षा मागणं ही ब्राह्मणाची मुख्य दीक्षा असल्याचं त्याच्या सुरुवातीलाच सांगितलंय. दुसरा कोणी मागायला आला तर तुकोबा काढा: 'भिक्षापात्र अवलंबणें । जळो जिणें लाजिरवाणें'. एवढं ऐकवलं की पाकिटात हात घालावा लागत नाही, वर वारकरी परंपरा जपल्याचं समाधान मिळतं. तुकोबांनी हे घराला घरपण न उरेपर्यंत दिवाळं निघाल्यावर, कर्जखतं इंद्रायणीत बुडवून झाल्यावर म्हटलं, हे मात्र आठवू नका. ओवी आणि अभंग दोन्ही पाठ असू द्यात. कोणता कधी म्हणायचा, एवढाच अभ्यास.

मधले काही शब्द सध्या रिकामे पडलेत. माधुकरी आता फक्त 'आमचे आजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले' या वाक्यापुरती उरली आहे आणि ती आजोबांनी मागितलेली असली तरच शोभते. नातवाने मागितली तर शेजारी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतील. कोरान्न, म्हणजे कोरड्या धान्याची भिक्षा, हे तर कोणाला कळतही नाही. जोगवा मात्र तेजीत आहे. पूर्वी देवीची परडी घेऊन पाच घरी मागत. आता मतांचा जोगवा मागतात आणि घरं मोजत नाहीत.

कायद्याचं मत काय, हेही माहीत असलेलं बरं. १९५९ चा मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा भारी बारकाईने लिहिलाय. गाणं, नाच, भविष्यकथन, कसरत किंवा एखादी वस्तू विकण्याचं निमित्त असो वा नसो, सार्वजनिक जागी दान मागितलं किंवा घेतलं की ती भीक. म्हणजे पहाटे 'दान पावलं' म्हणणारा वासुदेव, गुबुगुबू वाजवत भविष्य सांगणारा नंदीबैलवाला, अंगावर आसूड ओढणारा पोतराज, सगळे एका कलमात आले. लोककलेच्या महोत्सवात हेच लोक मंचावर असतात, तेव्हा मागणं मानधन होतं. पुढे असंही आहे की पोट भरण्याचं उघड साधन नसताना एखादा सार्वजनिक जागी अशा तऱ्हेने हिंडत असेल की तो भीक मागूनच जगतो असं वाटावं, तर तोही भिकारीच. या व्याख्येत आणखी कोण बसतं ते पाहायचं असेल तर उमेदवारी जाहीर होण्याच्या आठवड्यात कुठल्याही पक्ष कार्यालयाबाहेर एक चक्कर मारा. पहिल्यांदा सापडल्यास एक ते तीन वर्षं डांबून ठेवायची तरतूद आहे, पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. दिल्लीला हाच कायदा लागू होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. तुम्ही दिल्लीत मागत असाल तर अभिनंदन.

याच कायद्यात सुटकेची वाटही आहे. रीतसर परवानगीने, ठरलेल्या कारणासाठी पैसे, अन्न किंवा वस्तू गोळा केल्या तर ती भीक नव्हे. म्हणून पावतीपुस्तक छापा. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात कलम ४१-क आहे, त्याखाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या आणि मग आठ जणांनी मिळून एका दारावर जा. एकट्या माणसाने हात पुढे केला तर त्याला भिकारी म्हणतात. आठ जणांनी केला तर मंडळ. एकटा हळू बोलतो, 'काहीतरी द्या'. मंडळ आकडा आधीच लिहून आणतं.

आता मंत्र्यांकडे वळू, कारण या शब्दाची खरी सेवा त्यांनीच केली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातले एक मंत्री म्हणाले की फुले, आंबेडकर आणि कर्मवीर भाऊराव पाटील यांनी भीक मागून शाळा काढल्या. लोक खवळले, शाईही फेकली गेली. खुलासा आला की भीक म्हणजे देणगी, वर्गणी असंच म्हणायचं होतं. सगळे समानार्थी शब्द एका वाक्यात सापडले, फक्त जरा उशिरा. २०२५ मध्ये तेव्हाचे कृषिमंत्री म्हणाले की हल्ली भिकारीही एक रुपया घेत नाही, आम्ही तर एक रुपयात पीकविमा दिला. शेतकऱ्यांचा संताप झाला, तेव्हा काही महिन्यांनी त्यांनीच हिशेब उलटा मांडला: एक रुपया सरकार शेतकऱ्याकडून घेतं, मग भिकारी कोण, सरकार! आता मुख्यमंत्र्यांना नाराज व्हावं लागलं. एकाच वर्षात एक शब्द बांधावरून निघाला आणि मंत्रालयाच्या सहाव्या मजल्यापर्यंत पोचला. तुम्हाला एवढी मजल मारायची नसेल तर सरळ 'अनुदान' म्हणा.

अनुदानातही प्रती आहेत. शेतकऱ्याचं कर्ज सुटलं की ती माफी, जणू त्याने गुन्हा केला होता. मोठ्या उद्योगाचं कर्ज बँकेच्या वहीतून निघालं की ते निर्लेखन. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच असते, असं बँका सांगतात. सांगतात तर असेल. कारखान्याला करपरतावा, स्वस्त वीज, मुद्रांक शुल्कात सूट मिळाली तर ते प्रोत्साहन. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून चालू आहे आणि एवढ्या वर्षांत एकाही उद्योगपतीला कोणी 'धडधाकट दिसतोस, काम का करत नाहीस' असं विचारलेलं नाही. तो प्रश्न सिग्नलसाठी राखीव आहे.

वाक्प्रचार मात्र बिनधास्त वापरा, त्यांच्यावर कलम लागत नाही. विरोधकांच्या धमक्यांना आपण भीक घालत नाही, असं पत्रकात लिहा. कटोरा धमकीच्या हातात गेला की आपण आपोआप दाते ठरतो. 'भिकेचे डोहाळे' कर्ज काढून मोटार घेणाऱ्या शेजाऱ्यासाठी ठेवा. गरिबाला ते लागत नाहीत, त्यासाठी आधी घरात काहीतरी असावं लागतं. 'भिकार' हा शब्द न आवडलेल्या सिनेमाला लावा, मग तो कितीही कोटींचा असो. त्याला मागे शेपूट जोडून जी शिवी होते ती इथे लिहिता येत नाही, तुम्हाला येतेच.

आणि हा शब्द अंगावर वागवायचीच हौस असेल तर कान टोचून घ्या. भिकबाळी घाला. नवसाचं मूल जगावं म्हणून भीक मागून आणलेल्या पैशांची बाळी त्याच्या कानात घालत, असं सांगतात. मूल जगावं म्हणूनच त्याचं नाव भिकाजी, भिकू ठेवत. भिकेत आलेल्याला यमही उचलत नाही, असा हिशेब. हल्ली भिकू नाव कोणी ठेवत नाही, पण ढोलपथकातली पोरं मोत्यांची भिकबाळी मिरवतात आणि सराफ तिचे पैसे मोजून घेतो. दागिन्यावर भीक चालते, दाखल्यावर नाही.

राहिला नकार. तोही हुद्दा पाहून द्या. सिग्नलवर काच वर करा, नजर फोनमध्ये घाला. मंडळाला सांगा, घरात मोठं कोणी नाही; वय पन्नास असलं तरी सांगा. उसने मागणाऱ्या मित्राला म्हणा, महिनाअखेर आहे रे. उमेदवाराला दोन्ही हात जोडून हो म्हणा, सगळ्यांनाच म्हणा. आणि कोणी क्यूआर कोडचा पुठ्ठा पुढे केला की सुटे नाहीत ही जुनी सबब चालणार नाही, तेव्हा फोन हवेत धरून इकडेतिकडे फिरवा आणि म्हणा, 'रेंजच नाही हो इथे.'